उपकाराची दोरी : ‘ऑब्लाइज’ या इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

१/
इंग्रजीत अर्ज लिहायला शिकलेल्या अनेक मराठी पिढ्यांना एक ठरावीक शेवट तोंडपाठ होता. ‘तीन दिवसांची रजा मंजूर करावी’ एवढे लिहून झाले, की पुढे ‘अँड ऑब्लाइज’ हे दोन शब्द येत आणि त्याखाली सही. अर्थ असा, की ‘…आणि मला उपकृत करावे’. रजा नियमाने देय असली तरी ती उपकार म्हणून मागायची, अशी ही रीत.

२/
हेच क्रियापद न्यायालयात गेले, की त्याचा चेहरा पालटतो. तिथे ‘ऑब्लाइज्ड’ म्हणजे बांधलेला, आणि ‘ऑब्लिगेशन’ म्हणजे पाळावेच लागेल असे बंधन. दिवाणखान्यात मात्र ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणजे ‘फार आभारी आहे’. सक्ती आणि मेहेरबानी एकाच शब्दात कशा नांदू लागल्या, याचे उत्तर अडीच हजार वर्षांच्या इतिहासात सापडते. त्याची सुरुवात एका दोरीपासून होते.

३/
लॅटिनमध्ये ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. त्याला ‘ऑब’ हा उपसर्ग लागून ‘ऑब्लिगारे’ झाले : एखाद्याला कशाशी तरी जखडून टाकणे. हाडांना जोडणारे ‘लिगामेंट’, संघटनेची ‘लीग’, धातूंच्या मिश्रणाचा ‘अलॉय’ ही सारी याच मुळाची भावंडे. ‘रिलिजन’ हा शब्दही याच मुळातून आला असे काही प्राचीन लेखकांनी म्हटले. त्यावरचा वाद मात्र रोमन काळापासून चालत आलेला आहे.

४/
प्राचीन रोममध्ये हे बांधणे अलंकारिक नव्हते. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास कोरल्या गेलेल्या ‘बारा पट्टिकां’च्या कायद्याने, ठरलेल्या मुदतीत कर्ज न फेडणाऱ्याला बेड्या घालण्याची मुभा सावकाराला दिली होती. ‘नेक्सम’ नावाचा एक जुना व्यवहारही रूढ होता. त्यात ऋणको कर्जापोटी स्वतःचे शरीरच गुंतवून ठेवी, आणि पैसे फिटेपर्यंत धनकोच्या घरी राबत राही.

५/
रोमन इतिहासकार लिव्हीने या प्रथेच्या अंताची एक कथा सांगितली आहे. गायस पब्लिलियस नावाच्या तरुणाने वडिलांच्या कर्जापायी स्वतःला लुसियस पॅपिरियस या सावकाराच्या स्वाधीन केले होते. सावकाराची त्याच्यावर वाईट नजर पडली. तरुण बधेना, तेव्हा त्याला फटक्यांनी सोलून काढण्यात आले. रक्ताळलेल्या पाठीने तो रस्त्यावर धावला आणि शहर पेटून उठले.

६/
जमाव सिनेटच्या दारी गेला. लिव्हीच्या कालगणनेनुसार इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये ‘लेक्स पोएटेलिया’ हा कायदा झाला. यापुढे कर्जासाठी ऋणकोची मालमत्ता बांधील राहील, त्याचा देह नाही, असा त्याचा गाभा. रोमच्या सामान्य जनतेसाठी हा जणू स्वातंत्र्याचा दुसरा आरंभ होता, अशा आशयाचे लिव्हीने लिहिले आहे. कर्जदारांचे हाल त्यानंतर एकदम संपले नाहीत. पण देह आणि देणे यांच्यात कायद्याची एक रेघ ओढली गेली.

७/
देहावरची दोरी सुटली, तरी शब्दातली सुटली नाही. रोमन कायदेपंडितांनी तिला सूक्ष्म रूप दिले. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या पाठ्यग्रंथात ‘ऑब्लिगातिओ’ची व्याख्या कायद्याचा बंध अशीच केलेली आहे. डोळ्यांना न दिसणारी, पण न्यायाधीश ओढू शकेल अशी ती दोरी होती. युरोपातील करार आणि नुकसानभरपाईच्या कायद्याचा पाया पुढे या कल्पनेवर रचला गेला.

८/
रोममध्ये आणखी एक दोरी होती, आणि ती कोणत्याही कायद्यात पुरती मावत नव्हती. धनाढ्य ‘पॅट्रोनस’ आणि त्याचे आश्रित ‘क्लिएन्स’ यांचे नाते उपकारांवर चाले. आश्रितांनी सकाळी आश्रयदात्याच्या दारी मुजऱ्याला जायचे, निवडणुकीत त्याची बाजू घ्यायची. त्याने त्यांना शिधा, पैसे आणि न्यायालयात आधार द्यायचा. या देण्याघेण्याचा कागद नसे. तरीही कोण कोणाचा बांधील आहे, हे साऱ्या शहराला ठाऊक असे.

९/
या नात्यावर सेनेका या तत्त्वज्ञाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘दे बेनेफिसिस’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. विषय एकच : उपकार कसा करावा आणि कसा स्वीकारावा. देणाऱ्याने दिलेले लगेच विसरावे आणि घेणाऱ्याने कधीही विसरू नये, असे त्याचे सांगणे. परतफेडीवर डोळा ठेवून केलेला उपकार हे व्याजी लावलेले कर्जच होय, हा त्याच्या विवेचनाचा रोख.

१०/
पण याच सेनेकाबद्दल डिओ कॅसिअस या इतिहासकाराने एक बोचरी नोंद करून ठेवली. सेनेकाने ब्रिटनमधील लोकांच्या गळी चार कोटी सेस्टर्सेसचे कर्ज उतरवले आणि मग ते एकाएकी सक्तीने वसूल करायला घेतले. इसवी सन ६०-६१ मधल्या राणी बूडिकाच्या उठावामागे हेही एक कारण होते, असा त्याचा आरोप. आरोपात अतिशयोक्ती असेलही. पण उपकार आणि कर्ज यांची सीमा सांगणाऱ्यालाही ती पाळणे जड गेले, असे प्राचीनांना वाटत होते, एवढे त्यातून दिसते.

११/
ब्रिटनमध्ये हा शब्द रुजला तो पुष्कळ नंतर, आणि फ्रेंचांच्या मार्गाने. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली. लॅटिन ‘ऑब्लिगारे’ फ्रेंचमध्ये ‘ऑब्लिझे’ झाले होते. तेच तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनात अवतरले. तेव्हा त्याचा अर्थ करडा होता : शपथेने, वचनाने किंवा गहाणाने स्वतःला बांधून घेणे. आभाराचा त्यात मागमूस नव्हता.

१२/
इंग्रजी कायद्यात कर्जरोख्यालाच ‘ऑब्लिगेशन’ म्हणत. लिहून देणारा ‘ऑब्लिगर’, लिहून घेणारा ‘ऑब्लिगी’. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओने शायलॉकला लिहून दिलेला रोखा याच जातीचा, आणि त्यात पुन्हा देहच तारण ठेवलेला. फ्रेंचमध्ये आजही सरकारी किंवा कंपनीच्या कर्जरोख्याला ‘ऑब्लिगासिओं’ म्हणतात. मराठीने ‘बाँड’ला ‘बंधपत्र’ हा प्रतिशब्द घडवला, त्यातही बांधणे तसेच शिल्लक आहे.

१३/
सोळाव्या-सतराव्या शतकांत अर्थाला नवे वळण लागले. दरबारी समाजात पद, जमीन, शिफारस, ग्रंथाला आश्रय, सारे काही कोणाच्या तरी कृपेने मिळे. कृपा स्वीकारणारा कृपा करणाऱ्याशी बांधला जाई. म्हणून ‘त्याने मला बांधले’ या वाक्याचा अर्थ हळूहळू ‘त्याने माझ्यावर उपकार केला’ असा होऊ लागला. पुढे कारण झाकले गेले आणि सौजन्य तेवढे वर राहिले : ‘ऑब्लाइज’ करणे म्हणजे कोणाचे मन राखणे, विनंतीला मान देणे.

१४/
इंग्रजीकडे आभारासाठी स्वतःचा जुना शब्द होता : ‘थँक’. तो ‘थिंक’चा, म्हणजे विचार करण्याचा सख्खा नातलग. तुमच्याविषयी मनात चांगला विचार आहे, हे त्या शब्दाचे मूळ. ‘ऑब्लाइज्ड’ची जात वेगळी : तुमच्यामुळे मी बांधला गेलो आहे. पहिल्या शब्दात आठवण आहे, दुसऱ्यात हिशेब. सभ्य समाजाने दोन्ही एकाच ओळीत वापरायला सुरुवात केली, आणि त्यांतला फरक कानांना जाणवेनासा झाला.

१५/
पोर्तुगीजांनी तर याच शब्दाचा रोजचा आभार केला. ‘ओब्रिगादो’चा शब्दशः अर्थ ‘मी बांधील आहे’. बोलणारी स्त्री असेल तर ‘ओब्रिगादा’. १५१० ते १९६१ या साडेचार शतकांच्या पोर्तुगीज अमलामुळे गोव्याच्या कानांना हा शब्द परिचित झाला. कोकणी माणूस मात्र आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. उपकाराची फेड तो देवावर सोपवतो, आणि दोघेही माणसे मोकळी राहतात.

१६/
याच अनुषंगाने समाजमाध्यमांवर फिरणारी एक गोष्ट खोडून काढणे आवश्यक आहे. जपानी ‘अरिगातो’ हा शब्द पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, असे वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ मध्ये. ‘अरिगातो’चे मूळ ‘अरिगाताशी’ म्हणजे ‘असणे कठीण, दुर्मीळ’. हा शब्द जपानी साहित्यात त्याच्या कित्येक शतके आधीपासून आढळतो. ध्वनिसाम्य हा केवळ योगायोग.

१७/
इंग्लंडात या शब्दाच्या उच्चारावरूनही माणसाची पायरी ठरू लागली. फ्रेंच वळणाने प्रतिष्ठित लोक ‘ऑब्लीज’ म्हणत. अलेक्झांडर पोपने १७३५ च्या एका कवितेत त्याचे यमक ‘बिसीज्ड’ या शब्दाशी जुळवले आहे. पण लॉर्ड चेस्टरफील्डने १७४९ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात ‘ऑब्लीज’ हा उच्चार गावंढळपणाची खूण ठरवला. ती पत्रे १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ‘ऑब्लाइज’चे पारडे जड झाले.

१८/
जॉन केंबल या नटाचा किस्सा त्या काळात रंगवून सांगितला जाई. प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, त्याच्याकडे तपकीर मागताना ‘ऑब्लीज’ असा उच्चार केला. केंबल उत्तरला, की ‘ऑब्लाइज’ म्हटले तर आपल्या राजमुखाला अधिक शोभेल. गोष्ट खरी असो वा रचलेली. ज्याच्याकडे सारे कृपा मागायला जात, त्या राजपुत्राला एका नटाने कृपेच्याच शब्दावर टोकले, ही त्यातली खुमारी.

१९/
या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग मात्र १७५५ चा. त्या वर्षी सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून अधिक शब्दांच्या या कोशात ‘ऑब्लाइज’चे तीन अर्थ दिले आहेत. आधी बांधणे, भाग पाडणे. मग कृतज्ञतेच्या ऋणात ठेवणे. शेवटी संतुष्ट करणे. दोरी, कर्ज आणि सौजन्य, या क्रमाने इतिहासाचे तिन्ही थर तिथे उतरले आहेत.

२०/
आणि हा कोशकार या तिन्ही थरांतून स्वतः गेला होता. १७४७ मध्ये त्याने कोशाची योजना छापली ती लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून. तो बडा सरदार आश्रय देईल, अशी आशा होती. दहा पौंड मिळाले, आणि नंतर शांतता. जॉन्सन दालनाबाहेर ताटकळला, दारावरून परतवला गेला. कोशाचा खर्च निघाला तो पुस्तकविक्रेत्यांनी ठरवलेल्या १,५०० गिनींतून, आणि त्याच्या अपरंपार कष्टांतून.

२१/
कोश पुरा होत आला, तसे १७५४ च्या अखेरीस चेस्टरफील्डने ‘द वर्ल्ड’ या नियतकालिकात त्याच्या स्तुतीचे दोन लेख लिहिले. ग्रंथ आपल्याला अर्पण व्हावा, हा त्यामागचा हेतू असल्याचे मानले जाते. ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने त्याला पत्र लिहिले. माणूस पाण्यात बुडत असताना काठावर निवांत उभा राहणारा आणि तो किनाऱ्याला लागल्यावर मदतीची अडगळ करणारा, तोच आश्रयदाता काय, असा त्याचा सवाल होता.

२२/
त्याच पत्रात जॉन्सनने आणखी एक मुद्दा मांडला. जिथे लाभ मिळालाच नाही, तिथे ‘ऑब्लिगेशन’ मान्य न करणे हा काही कडवटपणा ठरत नाही, असे त्याने सरदाराला सुनावले. शब्दाच्या अर्थाचा इतका नेमका वापर क्वचितच झाला असेल. उपकार झाल्याशिवाय दोरी बांधता येत नाही. आणि न झालेल्या उपकाराचे आभार मागणे ही खोट्या रोख्यावरची वसुली आहे, असाच त्याचा मथितार्थ.

२३/
चेस्टरफील्डने ते पत्र लपवले नाही. भेटीला येणाऱ्यांना ते दिसावे म्हणून टेबलावर ठेवले, आणि त्यातल्या भाषेची वाखाणणीही केली, असे सांगतात. पण लेखकाने सरदाराच्या कृपेवर नव्हे, वाचकांच्या आणि विक्रेत्यांच्या पैशावर जगावे, या बदलाची खूण म्हणून ते पत्र पुढे ओळखले गेले. शब्दाचा उच्चार सरदाराने शिकवला. त्याचा अर्थ कोशकाराने.

२४/
पुढच्या शतकात हाच प्रश्न स्त्रीच्या तोंडून आला. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो. मागणीत प्रेम आहे, आणि आपण तिच्या पायरीपर्यंत खाली उतरत असल्याची जाणीवही. अशा वेळी ‘ऑब्लिगेशन’ व्यक्त करण्याचा रिवाज आहे, पण आपल्याला कृतज्ञता वाटतच नाही, या आशयाचे उत्तर देऊन ती नकार देते. घरदार नसलेल्या मुलींनी श्रीमंत वराचे उपकार मानायचे, अशा काळातला तो नकार आहे.

२५/
उलट्या दिशेचा विचारही याच काळात शब्दबद्ध झाला. फ्रान्सच्या ड्यूक द लेव्हीने १८०८ मध्ये ‘नोब्लेस ऑब्लिझ’ हे सूत्र मांडले : उच्च कुळ माणसाला बांधून टाकते. जन्माने मिळालेल्या मानाबरोबर कर्तव्यही येते, असा त्याचा भाव. राज्यक्रांतीने सरदारांचे विशेषाधिकार मोडून काढल्यानंतर हे सूत्र जन्मले, हे ध्यानात घेण्यासारखे. अधिकार गेल्यावर त्यांना कर्तव्याची आठवण झाली, असे एखादा टीकाकार म्हणू शकेल.

२६/
विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या एच. एल. ए. हार्टने या क्रियापदाची सर्वांत धारदार चिकित्सा केली. १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात तो एका दरोडेखोराचे उदाहरण देतो. पिस्तूल रोखून कोणी पैसे मागितले आणि ते द्यावे लागले, तर देणारा ‘ऑब्लाइज्ड’ होता असे म्हणता येईल. पण त्याच्यावर पैसे देण्याचे ‘ऑब्लिगेशन’ होते, असे कोणीही म्हणणार नाही.

२७/
एकाच धातूची ही दोन रूपे. पण भाग पडणे वेगळे आणि बांधील असणे वेगळे. मराठीला हा भेद सहज दाखवता येतो, कारण तिच्याकडे एका क्रियापदाऐवजी अनेक आहेत. पावसामुळे थांबणे ‘भाग पडते’. दिलेल्या शब्दाला माणूस ‘बांधील’ असतो. मदत करून कोणी ‘उपकृत करतो’. आग्रहाला मान देऊन कोणाचे ‘मन राखले’ जाते. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘ऑब्लाइज’ चालते. म्हणूनच भाषांतर करताना कोण कोणाला बांधत आहे, हे आधी पाहावे लागते.

२८/
मराठीलाही उपकाराची दोरी ठाऊक आहे. ‘ऋणानुबंध’ या शब्दात कर्ज आणि बांधणे एकत्र गुंफलेले आहेत. ‘आभार’ या शब्दात भार आहे. उपकाराचे ओझे होते, माणूस त्याखाली दबतो, मग उतराई होऊ पाहतो. आणि उपकारामुळे ज्याची मान वर होत नाही, त्याच्यासाठी ‘मिंधा’ हा खास शब्द आहे. इंग्रजी ‘ऑब्लाइज्ड’ने सौजन्याखाली झाकलेली लाज या शब्दात उघडी पडते.

२९/
इंग्रजी राज्याबरोबर ही कायद्याची दोरी हिंदुस्थानात आली. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ७० वे कलम उपकार आणि देणे यांच्यामधली रेघ आखते. फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर तो मोबदला देण्यास बांधील ठरतो. व्यापाऱ्याचा माल चुकून घरी राहिला आणि घरमालकाने तो आपलाच म्हणून वापरला, तर पैसे द्यावे लागतात. आगीतून शेजाऱ्याची मालमत्ता वाचवणाऱ्याने ते काम परोपकार म्हणून केलेले असेल, तर मात्र मोबदला मागता येत नाही. दोन्ही उदाहरणे अधिनियमातच दिलेली आहेत.

३०/
पण कलमांच्या या नेमकेपणाची दुसरी बाजू दख्खनच्या शेतकऱ्याने अनुभवली. नव्या न्यायालयांत कर्जखतावरचा अंगठा हाच अंतिम पुरावा ठरू लागला. अडीनडीला ‘सांभाळून घेणारा’ सावकार तेच खत घेऊन हुकूमनामा मिळवी. जमीन जाई, कैदेचीही वेळ येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख कागदांवर होता. खते ताब्यात घ्यायची आणि जाळायची. ज्यांनी ती निमूटपणे दिली, त्या सावकारांना बहुधा इजा झाली नाही.

३१/
चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक वा कैद करण्यास मनाई झाली. खताच्या आकड्यामागे जाऊन देण्याघेण्याचा सगळा पूर्वेतिहास तपासण्याचे काम न्यायालयावर आले. रोमच्या ‘लेक्स पोएटेलिया’नंतर बावीस शतकांनी भीमा-नीरेच्या खोऱ्यात तीच रेघ पुन्हा ओढावी लागली : देणे वेगळे, देह वेगळा.

३२/
आता पुन्हा अर्जाच्या त्या शेवटाकडे. ‘अँड ऑब्लाइज’ ही मुळात अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पत्रव्यवहारातली लकब. तिचे व्याकरण मजेशीर आहे. क्रियापद मजकुरात येते आणि त्याचे कर्म खाली सहीच्या जागी : ‘…आणि उपकृत करा, आपला आज्ञाधारक अमुक’. बांधला जाणारा माणूस स्वतःच्या सहीने दोरीचे टोक साहेबाच्या हाती देतो. इंग्लंडात ही लकब मागे पडली. इथल्या कचेऱ्यांत ती टिकली, आणि मराठी अर्जांतही ‘उपकृत करावे’ होऊन बसली.

३३/
२०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम लागू झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा अर्जदाराचा हक्क झाला. विलंबाविरुद्ध अपिले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. क्रियापदाच्या भाषेत सांगायचे, तर बांधील कोण, हे या कायद्याने उलटे केले. दाखला देणारा आता ‘ऑब्लाइज’ करत नाही. तो ‘ऑब्लाइज्ड’ आहे.

३४/
पब्लिलियसची रक्ताळलेली पाठ, जॉन्सनचे पत्र, एलिझाबेथचा नकार, सुप्यात जळालेली खते, या साऱ्यांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : हा उपकार आहे, की देणे? खरा उपकार असेल, तर त्याचे ऋण आनंदाने मानावे. माणसे त्याच धाग्याने जोडली जातात. जे हक्काने देय आहे, त्यासाठी मात्र ‘विनंती’ पुरे. सहीच्या वरचे ते दोन शब्द गाळले, तरी अर्ज तितकाच वैध असतो.

(समाप्त)